अवेळचं हसू

लाँड्रीत तिला सगळे फौजदारीण म्हणत, आणि ते नाव तिनं कमावलेलं होतं. धुवायला आलेला प्रत्येक कपडा आधी तिच्या टेबलावर यायचा. ती तो खिडकीशी नेऊन उजेडात धरायची, कॉलर उलटी करायची, अस्तर बोटांनी चाचपायची, खिसे बाहेर काढायची आणि मग कपड्याला टाचायच्या चिठ्ठीवर लिहायची: शाई, तेल, गंज, रक्त. गिऱ्हाईक म्हणायचं, चहा सांडलाय. ती म्हणायची, चहाचा डाग कडेला असा पिवळा पडत नाही, हे औषध आहे. बावीस वर्षं हेच काम. खिशातली तिकिटं, चुरगळलेल्या चिठ्ठ्या, एखादी भलतीच कानातली रिंग, यांतून लोकांच्या घरातलं तिला इतकं कळून जायचं की सरळ उत्तरावर तिचा विश्वासच बसेनासा झाला होता. कुणी "काही झालं नाही" म्हटलं की तिचे कान टवकारायचे.

नवरा मात्र नाकासमोर चालणारा होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो मिस्त्री होता. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे, शेजारीसुद्धा. माणूस इतका अबोल की घरात तो आहे की नाही हे त्याच्या खोकल्यावरून कळायचं. हसायचाही बेतानंच. ओठाची एक बाजू जरा वर जायची, की समजायचं साहेब खूश आहेत. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्यापासून दोघांच्या त्या दोन खोल्यांत रेडिओच काय तो बोलायचा.

मिस्त्रीची कामावर एकाच माणसाशी जोडी होती, अठरा वर्षं. त्याचं नाव पडलं होतं लांबू. ताडासारखा उंच, आणि बडबड्या. एकानं वर मशीनच्या खोलीत मुख्य स्विचपाशी थांबायचं आणि दुसऱ्यानं लिफ्टच्या पेटीच्या टपावर उभं राहून खालचं काम करायचं, अशी त्यांची वाटणी. खालचा माणूस वरच्याच्या हातावर जगतो, असं लांबू थट्टेत म्हणायचा. घरी आला की तो तिला "वहिनी, आज आमच्या खिशात काय सापडलं?" असं विचारायचा, आणि मिस्त्रीच्या ओठाची ती एक बाजू वर जायची.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या पुढे, एका कचेरीच्या नऊ मजली इमारतीत, लांबू सातव्या मजल्यावरून लिफ्टच्या शाफ्टमध्ये पडला. सात मजल्यांची ती उभी पोकळी, आणि खाली काँक्रीट. मिस्त्री तेव्हा वर मशीनच्या खोलीत होता.

लाँड्रीत फोन आला तशी ती हातातला कोट तसाच टाकून घरी धावली. कंपनीच्या माणसानं मिस्त्रीला घरी आणून सोडलं होतं. तो खुर्चीत ताठ बसला होता, बूटसुद्धा काढले नव्हते. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, काय झालं हो? त्यानं सांगायला तोंड उघडलं, आणि तो हसला.

ओठाच्या एका बाजूनं नाही. मोठ्यांदा, खदाखदा, खांदे हलवत. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. ते थांबेचना. मिनिटभर, दोन मिनिटं. मग एकाएकी बंद पडलं आणि तो भिंतीकडे बघत राहिला. धक्क्यानं माणसाचं काहीही होतं, असं तिनं स्वतःला समजावलं. तरी मनात पाल चुकचुकलीच.

दुसऱ्या दिवशी लांबूला शेवटचा निरोप द्यायला सगळे जमले. लांबूच्या बायकोला दोन बायकांनी धरलं होतं. मिस्त्री तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, मान खाली घालून. तिनं वर पाहिलं, "भाऊजी" म्हणाली, आणि मिस्त्रीला पुन्हा तसंच हसू फुटलं. लांबूच्या मेव्हण्यानं त्याची गचांडी धरली, चौघांनी मध्ये पडून सोडवलं. फौजदारीण नवऱ्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. सगळ्यांच्या नजरा पाठीत रुतत होत्या.

त्यानंतर लोकांच्या जिभेला हाड राहिलं नाही. कंपनीत कुजबुज सुरू झाली, मग गल्लीत, मग लाँड्रीत. अपघात की आणखी काही? दोघांतल्या एकाला पर्यवेक्षक करणार होते म्हणे, आणि लांबूचं नाव पुढे होतं म्हणे. चौकशीसाठी सरकारी अधिकारी घरी आला. बारीक चणीचा, हळू बोलणारा माणूस. पेटी हलली म्हणून लांबू पडला का, हे त्याला शोधायचं होतं, आणि पेटी हलणं न हलणं मिस्त्रीच्या हाती होतं. त्यानं विचारलं, "तुम्ही मुख्य स्विच बंद केला होता का?" मिस्त्री हसत सुटला. अधिकारी पेन हातात धरून शांतपणे थांबला, हसू संपल्यावर पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि मिस्त्री पुन्हा हसला. मग त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. एकच ओळ होती. ती ओळ काय असेल याचा विचार करत फौजदारीण आठवडाभर तळमळली.

आता तीही त्याच्यावर नजर ठेवू लागली. डोळ्यांत तेल घालून. आणि जितकं बघावं तितकं विपरीतच दिसत होतं. टूथपेस्टचं झाकण बेसिनमध्ये पडलं तर तो हुंदके देऊन रडला. रेडिओवर हवामानाचा अंदाज चालू असताना त्याच्या गालांवरून पाणी ओघळलं. लेकीचा फोन आला, "बाबा, तुमची काळजी वाटते" असं ती म्हणाली, तर हा हसला आणि फोन आईकडे देऊन मोरीत निघून गेला. दार बंद झाल्यावर आतून आवाज येत होता, तोंडात काहीतरी कोंबून दाबल्यासारखा. तिनं दाराला कान लावला. हसतोय की रडतोय, काही कळेना. पश्चात्तापाचं रडू असेल, असं मन म्हणायचं. आणि हसू? ते कशाचं, हे विचारायची तिला भीती वाटायची.

रविवारी तिनं त्याचे कामाचे निळे कपडे धुवायला काढले. अपघाताच्या दिवशीचेच होते. खिसे तपासणं तिच्या हाताच्या सवयीचं, मुद्दाम काही नव्हतं. आतल्या खिशात चार घड्या घातलेला कागद निघाला. कंपनीच्या साहेबांना लिहिलेला अर्ज, नवऱ्याच्या अक्षरात. अपघाताच्या तीन आठवडे आधीची तारीख. 'मला यापुढे सध्याच्या जोडीदाराबरोबर काम देऊ नये. दुसरा माणूस द्यावा, ही विनंती.' खाली सही. अर्ज दिलेलाच नव्हता.

तिनं अर्ज दोनदा वाचला. अठरा वर्षांची जोडी, आणि हा अर्ज? बडबड्या लांबूनं तरी कधी भांडणाचा शब्द काढला नव्हता. म्हणजे भांडण एकाच्याच पोटात होतं. तिनं कागदाची पुन्हा घडी केली, तो पिठाच्या डब्याखाली ठेवला आणि कपडे धुतले. पुढचे चार दिवस ती त्याला जेवायला वाढायची, चहा द्यायची, आणि त्याच्या हातांकडे बघायची. हे हात वर स्विचपाशी होते. लाँड्रीत तिनं एका पांढऱ्या शर्टावरच्या डागाला 'रक्त' लिहिलं, तो निघाला टोमॅटोचा. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तिनं कागद टेबलावर त्याच्यासमोर ठेवला.

"अहो, हे काय आहे ते मला सांगा. चौकशीवाल्याला नाही, मला."

त्यानं कागद ओळखला. ओठ थरथरले आणि हसू आलंच. पण या वेळी ती उठली नाही, तिनं नजर हटवली नाही. म्हणून तिला दिसलं की तोंड हसत होतं आणि डोळे घाबरलेले होते, एखाद्या माणसाला कुणी पाठीमागून धरून ठेवावं तसे. त्यानं हातानं तिला थांब म्हणून खुणावलं. खिशातून पेन्सिल काढली, कामाच्या नोंदीचं पॅड ओढलं आणि हसत हसतच लिहिलं: 'हसतोय तो मी नाही. येतं आणि जातं. मला थांबवता येत नाही.'

बराच वेळ तो लिहीत होता, आणि ती उलट्या बाजूनं वाचत होती. तीन-चार महिन्यांपासून त्याच्या डाव्या हातातून वस्तू निसटत होत्या. एकदा वरून पाना सुटला तो लांबूच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर आपटला. लांबू हसून म्हणाला, म्हातारा झालास. यानं रात्री अर्ज लिहिला, की लांबूला दुसरा, धड हाताचा जोडीदार मिळावा. पण द्यायची हिंमत झाली नाही, कारण दिला असता तर कारण विचारलं असतं, आणि हात दाखवला असता तर काम गेलं असतं. म्हणून कपडे बदलले की अर्ज एका खिशातून दुसऱ्या खिशात जात राहिला.

शेवटची ओळ त्यानं लिहिली आणि पॅड तिच्याकडे फिरवलं. 'स्विच पूर्ण खाली ओढला होता की नाही ते मला आठवत नाही. डाव्या हातानं ओढला होता.'

म्हणजे जो प्रश्न तिला छळत होता तोच त्यालाही छळत होता. ती संशय घेत होती त्याच्यावर, आणि तो स्वतःवर. हसू आता ओसरलं होतं. तो म्हणाला, "तुलाही वाटलं ना?"

खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. "वाटलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि त्याला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी त्याला नाकाला बोट लावायला सांगितलं, हात समोर धरायला सांगितला, तर डावा हात हळूहळू खाली आला. डोक्याचा फोटो काढला. मग त्यांनी बायकोकडे वळून विचारलं, चार-पाच महिन्यांपूर्वी यांचं तोंड एका बाजूला गेलं होतं का, जीभ जड झाली होती का, थोड्या वेळापुरतं तरी?

तिला ती संध्याकाळ आठवली. झालं होतं. तो कामावरून आला होता, शब्द अडखळत होते, तोंड जरा वाकडं वाटत होतं. अर्ध्या तासात सगळं ठीक झालं, आणि तो "काही नाही" म्हणाला होता. आणि तिनं काय केलं होतं? तो झोपल्यावर त्याचा शर्ट नाकाशी धरून दारूचा वास येतो का ते पाहिलं होतं. वास आला नाही, तरी दोन दिवस ती त्याच्याशी नीट बोलली नव्हती.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. मेंदूत एक छोटी रक्ताची गुठळी अडकून गेली होती. हसणं आणि रडणं यांना माणसाच्या आत एक लगाम असतो, तो ढिला झाला आहे. आधी थोडंथोडं होत असणार, त्या धक्क्यानंतर उघड झालं. मनात दुःख असेल तरी तोंड हसतं, मनात काहीच नसेल तरी डोळे वाहतात. नाटक नाही, वेडही नाही. गोळ्यांनी कमी होईल. पूर्ण जाईल असं त्या म्हणाल्या नाहीत.

मिस्त्री हे ऐकताना रडत होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, आत्ता खरंच वाईट वाटतंय का? तो रडत रडतच म्हणाला, "नाही. बरं वाटतंय."

बसमध्ये घरी येताना तिनं त्याला शर्टाची गोष्ट सांगून टाकली. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, त्या वेळी डॉक्टरकडे चल म्हणाली असतीस तरी मी आलो नसतो. हे तिचं मन राखायला बोलला की खरंच, ते तिनं विचारलं नाही.

पॅडवरचा मजकूर, अर्ज आणि डॉक्टरचं पत्र घेऊन ती दोघं आपण होऊनच चौकशी अधिकाऱ्याकडे गेली. लेकीनं फोनवर खूप विरोध केला होता: आई, तो अर्ज फाडून टाक, कुणाला माहीत आहे? पण जिनं उभं आयुष्य लोकांचे लपवलेले कागद बाहेर काढले, तिला स्वतःच्या घरचा कागद दडवणं जमेना. अधिकाऱ्यानं सगळं वाचलं. मग त्याच त्या हळू आवाजात म्हणाला, "हसण्याचं कारण मला समजलं. स्विचचं अजून समजलेलं नाही."

तो महिना फार वाईट गेला. कंपनीनं मिस्त्रीला घरी बसवलं होतं. गल्लीतले लोक समोरून आले की रस्ता ओलांडायचे. तीसुद्धा आजारपण कळल्यावर शहाणी झाली असं नाही. उलट एक नवीनच पंचाईत झाली. आधी हसू बघून तिला शंका यायची, आता हसू-रडू दोन्ही बिनकामाची झाल्यावर माणूस ओळखायचा कशावरून? तो गप्प बसला की तिला वाटायचं, याला स्विचचं आठवलं असेल आणि सांगत नसेल. मग तिला स्वतःची लाज वाटायची, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच वाटायचं.

एक दिवस अधिकाऱ्यानं बोलावलं. त्या लिफ्टच्या नियंत्रणपेटीत वीज केव्हा बंद झाली आणि केव्हा आली याची आपोआप नोंद राहत असे, आणि ती नोंद व कॅमेऱ्याचं चित्रण इमारतवाल्यांकडून मिळवायलाच इतका वेळ लागला होता. अकरा वाजून सात मिनिटांनी वीज पूर्ण बंद झाली होती. लांबू पडल्यानंतरही ती बंदच होती. लिफ्ट एक इंचही हलली नव्हती. सातव्या मजल्यावरच्या कॅमेऱ्यात उघड्या दारातून लांबू दिसत होता. टपावरून पक्कड खाली घसरली, ती घ्यायला त्यानं कमरेचा सुरक्षापट्टा सोडला, कडेशी वाकला, आणि पाय सटकला. बस, एवढंच. कुणाचा हात नव्हता, डावाही नाही.

मिस्त्री तिथेच हसायला लागला. अधिकाऱ्यानं त्याच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

कंपनीनं मिस्त्रीला परत घेतलं, पण शाफ्टवर नाही. सुट्या भागांच्या गोदामात, खाली. गोळ्यांनी हसू-रडू पुष्कळ कमी झालं. निकाल लागल्यावर फौजदारीण लांबूच्या बायकोला सांगायला गेली होती. तिनं दार अर्धंच उघडलं. "ताई, पत्रं आणि कागद मला दाखवू नका. मी भाऊजींचं हसतं तोंड पाहिलंय," एवढं बोलून दार लावून घेतलं. फौजदारीण पायऱ्या उतरली. तिच्या जागी मी असते तर दार अर्धंही उघडलं नसतं, असं तिला वाटलं.

सहा महिन्यांनी लांबूची बायको आपण होऊन आली. कंपनीनं लांबूच्या कपाटातली हत्यारांची पेटी घरी पाठवली होती, पण तिच्यात दोघांची हत्यारं मिसळलेली होती आणि कुठलं कुणाचं हे मिस्त्रीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मिस्त्रीनं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक वस्तू काढून दोन बाजूंना ठेवू लागला. पक्कड लांबूची. पाना माझा. एक स्क्रूड्रायव्हर हातात घेतल्यावर त्याचा चेहरा वाकडा झाला आणि हसू सुटलं. पूर्वीइतकं नाही, पण सुटलं. लांबूची बायको आखडून बसली. तिनं फौजदारणीकडे पाहिलं.

"थांबा वहिनी," फौजदारीण म्हणाली. "जाईल आता."

दोघी थांबल्या. हसू गेलं. मग मिस्त्री सरळ आवाजात म्हणाला, "हा मी त्याच्याकडून मागून घेतला होता. परत द्यायचा राहिला." आणि त्यानं तो लांबूच्या हत्यारांत ठेवला.

मग लांबूची बायको हळूहळू विचारू लागली. त्या दिवशी सकाळी लांबू काय बोलला? चिडला होता का? मिस्त्रीनं सांगितलं, नव्या बुटांना शिव्या घालत होता, चावतात म्हणून. तिनं मान डोलावली, कारण ते बूट तिनंच आणले होते, आणि घरीही त्यानं तेच ऐकवलं होतं. बराच वेळ बसली. निघताना पेटी उचलली आणि दारात वळून म्हणाली, "भाऊजी, स्वयंपाकघरातली फळी निखळलीय. रविवारी येऊन ठोकून द्याल का? हसत आलात तरी चालेल."

ती गेल्यावर फौजदारीण भांडी आवरत म्हणाली, फळी ठोकायला शेजारी कुणी नाही का तिला? लांबूचा मेव्हणा आहे की. बघा हं, त्यालाच बोलावून ठेवलं असेल, पुन्हा खोदून खोदून विचारायला.

"असेल," मिस्त्री म्हणाला.

रविवारी तीही बरोबर गेली. मेव्हणा नव्हता. फळी मात्र खरंच निखळलेली होती. मिस्त्रीच्या डाव्या हातात अजून जोर नव्हता, म्हणून फळी तिनं धरली, लांबूची बायको खिळे देत राहिली, आणि तो उजव्या हातानं ठोकत राहिला.